दिग्दर्शकाला बोलू द्या: पुण्यातल्या जाहीर मुलाखतींच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
पुण्यात चित्रपट दिग्दर्शकांच्या विनामूल्य जाहीर मुलाखती भरवणाऱ्या सर्व संस्थांचे पदाधिकारी व कार्यकर्ते यांस

स. न. वि. वि.

निमंत्रणपत्रिकेत अगदी तळाशी, फुलवाले आणि छपाईवाले यांच्या शेजारी, 'ध्वनिव्यवस्था' असं लिहून ज्याचं नाव कधी येतं आणि कधी राहून जातं, तो मी. शेवटच्या रांगेमागे टेबल टाकून, आवाजाचा मिक्सर मांडून बसलेला असतो. तुमच्यातल्या बहुतेकांशी माझं बोलणं 'हॅलो, आवाज येतोय का?' आणि 'जरा वाढवा हो' याच्या पलीकडे गेलेलं नाही. पण या शहरातल्या बहुतेक सभागृहांत तुमचे कार्यक्रम मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकले आहेत. प्रेक्षकाला कंटाळा आला तर तो उठून जाऊ शकतो. मला ती सोय नाही.

पुढच्या महिन्यात तुमच्यापैकी एका संस्थेने एका ज्येष्ठ दिग्दर्शकांना बोलावलं आहे. 'प्रदीर्घ कारकिर्दीविषयी दिलखुलास गप्पा. प्रवेश विनामूल्य. काही जागा राखीव.' हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. मला फोन आला, मी तारीख दिली, आणि मग वाटलं की यंदा केबली अंथरायच्या आधी हे पत्र लिहावं. मागणं एकच आहे: त्या संध्याकाळी त्या माणसाला त्याच्या कामाविषयी बोलू द्या, आणि त्यासाठी पुरेसा वेळ द्या.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. तिकीट लावा, असं मी म्हणणार नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या गावाला संध्याकाळी जाऊन कोणाचं तरी ऐकून यायची सवय आहे. ती मोडू नये. शिवाय तुमच्या कार्यक्रमांना कोण येतं ते तुम्हाला व्यासपीठावरून नीट दिसत नाही, डोळ्यांवर दिवे असतात. मला मागून दिसतं. रानडे इन्स्टिट्यूटमधली पत्रकारितेची मुलं येतात. चित्रपट शिकवणाऱ्या एफटीआयआय या संस्थेच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी येतात. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणारेही येतात, एक संध्याकाळ अभ्यासाला दांडी म्हणून. हडपसर-भोसरीहून दोन बस बदलून कोणी येतं, आणि त्याचं लक्ष शेवटच्या बसच्या वेळेकडे असतं. निवृत्त माणसं तर येतातच, आणि त्यांच्यातल्या काहींनी फिल्म सोसायटीच्या अंधारात तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त सिनेमा पाहिलेला असतो. तीनशे रुपये तिकीट लावलंत तर यातला निम्मा हॉल घरी राहील. तेव्हा विनामूल्यच ठेवा. माझी तक्रार पुढची आहे. पैसे घेतले नाहीत म्हणून कसंही चालतं, असं जे आयोजनात शिरलं आहे, त्याची.

एका संध्याकाळचं वेळापत्रक सांगतो. कॉलर माइकचे सेल किती वेळ चालले याचा हिशोब ठेवावा लागतो, म्हणून वेळा माझ्या वहीत लिहिलेल्या असतात.

पत्रिकेवर सहा वाजता. दिग्दर्शक पावणेसहालाच येऊन ग्रीनरूममध्ये बसलेले. प्रायोजक विद्यापीठ चौकात अडकलेले, आणि त्यांच्याशिवाय समई लावायची नाही असं ठरलेलं. सहा पस्तीसला दीपप्रज्वलन. पंखे बंद करा, काडेपेटी कुठे आहे, फोटोग्राफरकडे बघा, पुन्हा एकदा बघा. मग प्रास्ताविक, त्यात संस्थेचा स्थापनेपासूनचा इतिहास. मग पाहुण्यांचा परिचय, विकिपीडियावरून उतरवलेला, पुरस्कारांच्या यादीसह. मग मुलाखतकारांचा परिचय, तो थोडा अधिक लांब. शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी, स्मृतिचिन्ह. प्रायोजकांचा सत्कार. प्रायोजकांचे दोन शब्द. सभागृहात उपस्थित मान्यवरांची नावं, आणि एक नाव राहिलं म्हणून चिठ्ठी येऊन ती यादी पुन्हा. पहिला खरा प्रश्न विचारला गेला तेव्हा माझ्या वहीत सात बावीस आहे. हॉल साडेआठला रिकामा करायचा होता, साडेनऊच्या नाटकाचा टेम्पो मागच्या दाराशी उभा होता. मुलाखत झाली पंचेचाळीस मिनिटं. आभारप्रदर्शन झालं अकरा मिनिटं. त्यात माझंही नाव होतं, चुकीचं.

शालीविषयी धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कॉलर माइक छातीशी लावलेला असतो. तुम्ही त्यावरून शाल पांघरता तेव्हा सगळ्या हॉलला 'धप्प' असा आवाज ऐकू येतो, आणि पुढे पाहुणे श्वास घेतील तेवढ्या वेळा लोकरीची खरखर. मी ती इथून कमी करू शकत नाही, आवाजच कमी करावा लागतो. मग मागून कोणीतरी ओरडतं, 'ऐकू येत नाही!' तुम्ही माझ्याकडे वळून बघता. सत्कार करायचाच असेल तर माइक लावायच्या आधी करा, आणि शाल घडी घालून हातात द्या. दिग्दर्शिका साडी नेसून आल्या तर कॉलर माइकच्या ट्रान्समीटरची डबी लावायला पट्टा नसतो, हे त्यांना आदल्या दिवशी फोनवर कोणीतरी सांगावं. व्यासपीठामागे ऐन वेळी जी तारांबळ उडते ती त्यांनाही आवडत नाही आणि मलाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, प्रश्नांकडे.

'या क्षेत्राकडे कसे वळलात?' 'प्रेरणा कोणाची?' 'घरच्यांचा पाठिंबा होता का?' 'अमुक नटाबरोबर काम करताना एखादा गमतीदार किस्सा?' 'नव्या पिढीला काय संदेश द्याल?' हे प्रश्न आता माझेही पाठ झाले आहेत. उत्तरंही. दिग्दर्शकांनी ती इतक्या वेळा दिलेली असतात की कुठल्या वाक्याला हशा येणार हे त्यांना आधीच माहीत असतं. मी फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या खटक्यावर, बोट ठेवून हशाची वाट बघतो आणि तो येतो. पण हेच गृहस्थ मी माइक लावताना विंगेत भेटतात तेव्हा वेगळे असतात. एकांनी माझ्याशी बोलता बोलता मान वर करून छताकडे पाहिलं, एकदा टाळी वाजवली, आवाज विरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, 'हॉल घुमतो तुमचा. मी सावकाश बोलेन, तुम्ही वाढवू नका.' मग तिथेच उभ्या उभ्या त्यांनी मला सांगितलं की वाड्यातल्या एका खोलीतला प्रसंग त्यांना पुन्हा डब करावा लागला होता. सेटवर आवाज असाच घुमला होता, आणि डबिंगच्या खोलीत त्या नटीला तो हुंदका पुन्हा जमेना. शेवटी त्यांनी मूळचा खराब आवाजच ठेवला आणि तो झाकायला बाहेर पावसाचा आवाज घातला. प्रसंगात पाऊस नव्हताच. पावसामुळे पुढच्या प्रसंगातलं अंगण ओलं करून पुन्हा चित्रित करावं लागलं, आणि निर्माता महिनाभर बोलत नव्हता. दीड मिनिटात एवढं सांगून झालं. मग त्यांना व्यासपीठावर बोलावलं आणि विचारलं, 'लहानपणी सिनेमा कुठे बघायचात?'

हा पाऊस हॉलमधल्या त्या मुलांना ऐकायला हवा होता. दिग्दर्शकाची कारकीर्द म्हणजे पुरस्कारांची यादी असेल तर ती मोबाइलवर मिळते. त्यासाठी हडपसरहून दोन बस कशाला बदलायच्या?

आपल्या गावात तर अशा प्रश्नांना तोटा नाही. 'प्रभात' कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३३ मध्ये पुण्याला आली, आणि तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली आजची एफटीआयआय सुरू झाली, हे तुमच्या प्रास्ताविकात दर वेळी येतं. पण त्याच प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाचा विभाग सांभाळणारे विष्णुपंत दामले आणि कलाविभाग सांभाळणारे फत्तेलाल, हे दोघं मिळून दिग्दर्शक झाले आणि त्यांनी १९३६ मध्ये 'संत तुकाराम' केला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो जगातल्या उत्तम तीन चित्रपटांत निवडला गेला. आवाजाचं यंत्र हाताळणारा माणूस दिग्दर्शक होतो तेव्हा त्याला प्रसंग आधी दिसतो की आधी ऐकू येतो? दोघांनी मिळून दिग्दर्शन करायचं तर सेटवर शेवटचा शब्द कोणाचा? दामलेमामा १९४५ साली गेले. मी आवाजवाला असल्यामुळे दिसण्या-ऐकण्याचा तो प्रश्न मला जरा जास्तच छळतो, हे मान्य.

अलीकडचं घ्या. सुमित्रा भावे कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत होत्या, वस्तीतल्या बायकांच्या जगण्यावर संशोधन करत होत्या. चित्रपटाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. १९८५ मध्ये त्यांनी 'बाई' हा लघुपट केला आणि पुढे सुनील सुकथनकरांबरोबर तीन दशकांहून अधिक काळ चित्रपट केले. त्यांच्या 'कासव'ला २०१६ सालचं सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, मिळालं. या कारकिर्दीत विचारण्यासारखं केवढं आहे! संशोधनाच्या कागदांतून पटकथेत काय येतं आणि काय मागे राहतं? ज्या बाईचं आयुष्य सांगायचं तिच्यासमोर कॅमेरा ठेवल्यावर ती तशीच राहते का? मोठा निर्माता नसताना चित्रीकरणाचे दिवस कसे बेतायचे? भावे २०२१ च्या एप्रिलमध्ये गेल्या. यातलं जे विचारायचं राहिलं ते त्यांना आता विचारता येणार नाही. डॉ. जब्बार पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवत होते आणि नाटक-सिनेमाही करत होते. सकाळची ओपीडी आणि संध्याकाळची तालीम यांचं गणित कसं बसत होतं, एवढ्या एका प्रश्नावर तास जाईल. नोकरी सांभाळून लघुपट करणारी मुलं तुमच्या हॉलमध्ये मागे उभी असतात, त्यांना नेमकं तेच हवं आहे.

पैशाविषयी विचारायला आपण लाजतो. पुण्यात तर फारच. पण दिग्दर्शकाच्या आयुष्यातला मोठा भाग पैसे मिळण्याची वाट पाहण्यात जातो, आणि ते वगळून कारकीर्द सांगितली की ती खोटी वाटायला लागते. चित्रपट किती दिवसांत चित्रित झाला, कर्ज कोणाच्या नावावर होतं, अनुदान हातात पडेपर्यंत व्याज किती झालं, थिएटरवाल्याने सकाळी नऊचा खेळ दिला तेव्हा काय केलं, हे विचारा. आकडा सांगायचा नसेल तर पाहुणे सांगणार नाहीत, मोठी माणसं आहेत ती.

एकदा एका पोराने विचारलं होतं. शेवटची पाच मिनिटं उरली होती, प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या असं जाहीर झालं होतं. या मुलाने चिठ्ठी दिली नाही. हातात हेल्मेट घेऊन मागे माझ्या टेबलाजवळ उभा होता, तिथूनच मोठ्याने म्हणाला, 'सर, पहिला पिक्चर पडल्यावर दुसरा मिळेपर्यंत घर कसं चालवलं?' निवेदिका म्हणाल्या, 'वैयक्तिक प्रश्न नकोत.' पाहुण्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. तोपर्यंत खुर्चीत रेलून बसलेला माणूस पुढे सरकला. बायकोच्या शाळेतल्या पगारावर, म्हणाले. मग एका सरकारी खात्यासाठी केलेल्या शेतीवरच्या माहितीपटांविषयी बोलले. ते करताना त्यांना एवढं कळलं की शेतकऱ्याला 'पुन्हा एकदा करा' म्हटलं की तो नट होतो, म्हणून पहिल्या वेळीच घ्यायचं. पुढे त्यांचा जो चित्रपट गाजला त्यातली बाजाराची दृश्यं त्यांनी याच पद्धतीने घेतली होती. सहा वर्षं रिकामी गेली असं लोक समजतात, ती अशी गेली. हॉल गप्प होता. त्या वेळी विंगेतून मला खूण झाली, माइक बंद करा, आभार राहिलेत. मी टेबलाखाली वाकून केबल शोधत बसलो. पाच-सहा मिनिटं ती केबल काही सापडली नाही.

त्या संस्थेचं नाव मी लिहीत नाही, आणि त्यांनीही मला पुन्हा बोलावलं आहे, त्यामुळे हिशोब मिटला.

दुसरी गोष्ट क्लिपची. याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण इथे नुकसान होतं ते थेट पाहुण्यांच्या कामाचं. चित्रपटातले दोन-तीन प्रसंग दाखवायचे असं ठरतं. चांगलं आहे. कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी एक कार्यकर्ता पेनड्राइव्ह आणून देतो. त्यात यूट्यूबवरून उतरवलेली फाइल असते, कोपऱ्यात कुठल्यातरी चॅनलचा शिक्का. किंवा दिग्दर्शकांच्या कार्यालयाने चांगली फाइल दिलेली असते, पण ती थिएटरच्या आवाजाची. हे नीट समजून घ्या. चित्रपटाचा आवाज हल्ली किमान सहा वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतो, आणि पात्रांचे संवाद मुख्यतः मधल्या पट्टीवर, पडद्यामागच्या मधल्या स्पीकरसाठी. तुमच्या सभागृहात डावा आणि उजवा असे दोनच स्पीकर. लॅपटॉपने सहा पट्ट्या नीट मिसळून दोनात आणल्या नाहीत तर मधली पट्टी गळते. पडद्यावर ओठ हलतात, मागचं संगीत जोरात वाजतं, आणि संवाद कुठेतरी विहिरीतून आल्यासारखे किंवा मुळीच नाहीत. लोकांना वाटतं ध्वनिव्यवस्था खराब. मला शिव्यांची सवय आहे. पण एका दिग्दर्शिकेला मी अशा वेळी पाहिलं आहे. तिची क्लिप सुरू झाली, चित्र उभं ताणलेलं, कारण रुंद चौकटीचा सिनेमा कोणीतरी प्रोजेक्टरवर 'फुल स्क्रीन' केला होता. माणसं काड्यांसारखी लांब. व्यासपीठावरचे दिवे चालूच, कारण व्हिडिओवाल्याला चेहरे हवे होते. त्यामुळे रात्रीचा प्रसंग राखाडी. आणि संवाद गायब. ती पडद्याकडे बघायची थांबली, हातातल्या कागदाची घडी घालत बसली. क्लिप संपल्यावर टाळ्या पडल्या. मुलाखतकार म्हणाले, 'काय प्रसंग आहे!' ती म्हणाली, 'हो.' पुढचा अर्धा तास ती एकेका वाक्यात उत्तरं देत होती.

यावर उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. फाइल दोन दिवस आधी मागवा. दोन पट्ट्यांचा आवाज असलेली फाइल द्या, एवढं एक वाक्य त्यांच्या संकलकाला कळवा, त्याला पाच मिनिटांचं काम आहे. त्या दिवशी दुपारी एकदा पूर्ण चालवून बघू. दिवे घालवायची खूण आधी ठरवू. आणि तीन क्लिपांऐवजी एकच दाखवा, पण दोनदा दाखवा. पहिल्यांदा नुसती. मग दिग्दर्शकांना विचारा, कॅमेरा इथेच का ठेवला, हा शॉट इतका लांब का, काय कापलं, काय घ्यायचं राहून गेलं? आणि मग तीच क्लिप पुन्हा. दुसऱ्यांदा बघताना हॉलमध्ये जी कुजबुज होते ती मी एकदाच ऐकली आहे, एका छोट्या सभागृहातल्या कार्यक्रमात. साठ-सत्तर माणसं होती, सत्कार नव्हता, पाणी स्टीलच्या तांब्यातून. त्या दिवशी मी बिलात सूट दिली.

बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक साठच्या दशकात एफटीआयआयमध्ये शिकवायला होते. तिथल्या आंब्याखाली, ज्याला 'विस्डम ट्री' म्हणतात, मुलं त्यांच्याभोवती बसायची. पुढे दिग्दर्शक झालेले मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम ही त्या मुलांतली नावं. तिथे पगडी कोणी घातली असेल असं वाटत नाही.

राखीव जागांविषयी थोडक्यात. पाच रांगांवर कागद चिकटवता, त्यातल्या तीन शेवटपर्यंत रिकाम्या राहतात, आणि जिन्यावर पोरं बसलेली असतात. सहा वाजून पाच मिनिटांनी कागद काढा. ज्यांना यायचं होतं ते आले.

प्रश्नोत्तरांना चिठ्ठ्या नकोत. चिठ्ठी निवेदकाच्या हातात गेली की अडचणीचा प्रश्न खिशात जातो. एक माइक हॉलमध्ये फिरता ठेवा, तो मी देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. 'प्रश्न नाही, पण मला थोडं सांगायचं आहे' अशी सुरुवात करणारे काका प्रत्येक कार्यक्रमात असतात. त्यांचं काय करायचं ते माझ्यावर सोडा. माइक कधीकधी आपोआप जातो.

शेवटची मोठी गोष्ट रेकॉर्डिंगची. प्रत्येक मुलाखतीचा स्वच्छ आवाज माझ्या मिक्सरमधून निघतो आणि तुमच्या व्हिडिओवाल्याकडे जातो. पुढे काय होतं? त्यातले दोन मिनिटांचे तुकडे फेसबुकवर येतात, बहुधा सत्काराचे. बाकीचं कोणाच्या तरी हार्डडिस्कवर. हार्डडिस्क बंद पडते, कार्यकर्ता नोकरीसाठी बंगळूरला जातो, संस्थेची कार्यकारिणी बदलते. ज्या गावात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, जिथे ते संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांनी भंगारात निघालेल्या फिल्मचे डबे गावोगावाहून गोळा करून आणले, त्या गावात हे व्हावं? फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाची रिळंसुद्धा आज पूर्ण नाहीत. त्या काळी फिल्म पेट घ्यायची, चांदी काढण्यासाठी वितळवली जायची, सांभाळायला खर्च होता. तुमच्यापुढे तसली एकही अडचण नाही. दीड तासाचा आवाज मोबाइलवरच्या दहा फोटोंएवढ्या जागेत मावतो. चार संस्थांनी मिळून ठरवलं तर गेल्या काही वर्षांच्या मुलाखती एका ठिकाणी येतील, कार्यक्रमाला येऊ न शकलेल्या जळगावच्या किंवा लातूरच्या मुलीला ऐकता येतील. पाहुण्यांची लेखी परवानगी मात्र आधी घ्या. माझ्याकडे जे जुने रेकॉर्डिंग आहे ते मी विनामोबदला द्यायला तयार आहे. त्यात आभारप्रदर्शनंही आहेत, ती हवी असतील तर.

तुमच्या अडचणी मला ठाऊक नाहीत असं नाही. नाट्यगृहाची तारीख मिळवायला काय करावं लागतं ते मी पाहतो. भाडं, अनामत, जीएसटी, आणि ऐन वेळी कुठल्यातरी सरकारी कार्यक्रमासाठी तारीख काढून घेतली जाते. प्रायोजकाशिवाय हे होत नाही, आणि प्रायोजकाला व्यासपीठावर यायचं असतं. कामं करणारी तीच चार-पाच माणसं, आता साठीच्या पुढची, स्वतःच्या खिशातून रिक्षा करून बॅनर आणणारी. तुम्ही नसता तर दिग्दर्शकाला समोर बसून ऐकायची सोय या गावात फक्त महोत्सवापुरती उरली असती. म्हणूनच तुम्हाला लिहितो आहे. ज्यांना सांगून काही उपयोग होणार नाही त्यांना मी पत्रं लिहीत नाही.

प्रायोजकाचं नाव पडद्यावर ठेवा, कार्यक्रम सुरू होण्याआधी वीस मिनिटं ठेवा, माझी हरकत नाही. समई लावायची तर लोक आत येत असताना लावा. मुलाखतकार असा निवडा ज्याने पाहुण्यांचे चित्रपट अलीकडे पुन्हा पाहिले आहेत. नावाजलेला नसला तरी चालेल. एखाद्या संकलकाला बसवा, छायालेखकाला बसवा, त्यांना काय विचारायचं ते बरोबर कळतं. आणि पहिला प्रश्न सहा वाजून दहा मिनिटांनी विचारला गेला पाहिजे.

पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमासाठी मी दुपारी साडेतीनला सामान घेऊन येईन. चारला क्लिप चालवून बघायची आहे, तेव्हा फाइल आणि ती आणणारा माणूस दोन्ही हजर हवेत. प्रोजेक्शनच्या खोलीची किल्ली वॉचमनकडे असते आणि वॉचमन बरोबर चारला चहाला जातो, तेवढं त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

कळावे,
आपला,
ध्वनिव्यवस्थावाला
नारायण पेठ, पुणे